पिठाच्या डब्यामागे

डोहाळजेवण दुपारी एकच्या आत उरकायचं, असं वहिनीनं चार वेळा बजावलं होतं, तरी तीन वाजून गेलेच. माझ्या चुलतभावाच्या सुनेचा सातवा महिना. शिरूर तालुक्यातलं गाव, अंगणात मांडव, झोपाळ्याला झेंडूच्या माळा आणि त्यावर हिरव्या साडीतली ती, दंडावर आणि कपाळावर शेवंतीचे दागिने. वाटीखाली पेढा निघतो की बर्फी यावर बायकांचा एवढा गलका, की तिचा स्वतःचा आवाज कुणाला ऐकूच येत नव्हता. पुऱ्या कमी पडतील असं वाटलं तेव्हा वहिनी म्हणाली, ‘वन्सं, तेवढी मागच्या डब्यातली कणीक काढा, माझे हात तेलाचेत.’ मी मागच्या खोलीत गेले. फळीवरचा मोठा पत्र्याचा डबा पुढे ओढला, तर त्याच्यामागून एक पिशवी पायावर पडली. मेडिकलच्या दुकानात मिळते तसली, पातळ, पांढरी. आत गोळ्यांची पाकिटं. लोहाच्या लालभडक गोळ्या. एकाही पाकिटातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

ती पाणी प्यायला म्हणून आत आली आणि माझ्या हातातली पिशवी पाहून दारातच थांबली. ‘आत्या, राहू द्या ना तिथंच,’ एवढंच आधी म्हणाली. मग हळू आवाजात, ‘मळमळतं हो त्यांनी. शी काळी होते. आणि सासूबाई म्हणतात, बाळबी काळं होतं.’ बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. फोटो काढायचे राहिले होते. ती गेली. मी पिशवी होती तिथे ठेवली, डबा पुन्हा मागे सरकवला, परातीत कणीक घेतली आणि मळायला बसले.

मी काहीच बोलले नाही.

हे आता महिनाभर माझ्या मनात आहे. माझी नोकरी शिक्षिकेची. तीस वर्षं मी मुलींना हे सांगण्यात घालवली, की रक्त म्हणजे नुसता लाल रंग नव्हे, त्यात लोह असतं, ते कमी पडलं की अंगातला प्राणवायू कमी पडतो. फळ्यावर हिमोग्लोबिन हा शब्द लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. मग घरातल्या पोरीपुढे तोंड का उघडलं नाही? सणाच्या दिवशी नको, पाहुण्यांत नको, वहिनीचा अपमान नको, ही सगळी कारणं खरीच होती. पण त्यांच्या तळाशी आणखी एक कारण होतं आणि ते मला परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर कांद्याची वखार मागे पडताना आठवलं.

शाळेत दर सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या यायच्या. साधारण २०१३ पासून. मधल्या सुट्टीत खिचडी झाली, की सहावीपासूनच्या वर्गांना रांगेत उभं करायचं, प्रत्येकीच्या तळहातावर एक गोळी, ती गिळली की ‘जीभ दाखव’. पोरी हुशार. गोळी गालात धरायच्या, जीभ दाखवायच्या आणि नळाकडे पळायच्या. नळाच्या खालची मोरी सोमवारी निळसर व्हायची. मी ओरडायचे, पालकांना बोलवायचे. पण सूचना अशीही होती, की शिक्षकांनी मुलांसमोर स्वतःही एक गोळी घ्यावी, म्हणजे मुलांची भीती जाईल. मी पहिल्या सोमवारी घेतली. वरचं गोड आवरण विरघळलं आणि मागून गंजक्या नळाच्या पाण्याची चव आली, दुपारभर पोटात ढवळत राहिलं. दुसऱ्या सोमवारी मी तोंडाशी हात नेला आणि गोळी पर्समध्ये टाकली. मग दर सोमवारी. वर्षअखेरीस पर्सच्या अस्तरात निळे डाग पडले होते. मुलींची जीभ मी दर सोमवारी पाहत होते आणि माझी कुणी पाहत नव्हतं. त्या डब्यामागच्या पिशवीपाशी मी गप्प बसले, ते या डागांमुळे.

आमच्या घरी आई शेवटी जेवायची. हे वाक्य लिहितानाच मला जाणवतं, की वाचणाऱ्या कितीतरी जणींच्या घरी असंच होतं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही असं वाटतं. तरी सांगते. आधी वडील आणि आजोबा, मग आम्ही मुलं, मग आजी, मग काकू आणि आई. तोवर पातेल्यात भाजीचा रस उरलेला असायचा, फोडी नाही. भाताची खरवड आई पळीनं काढून घ्यायची आणि म्हणायची, मला खरवडच आवडते. मला ते चाळिशीपर्यंत खरं वाटत होतं. दुपारी कामाच्या रगाड्यात जेवण चुकलं तर चहा-चपाती. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह बांधून टाकतं, ते आतड्यातून फारसं आत शिरत नाही, हे मी पुढे वर्गात शिकवलं आणि तेव्हा डोळ्यांसमोर आईची कपात बुडवलेली चपाती होती. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायची. पदरानं तोंड पुसायची, खाली बघून काहीतरी विसरल्यासारखं करायची. धाप लागली असं तिनं कधी म्हटलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आईचं दमणं हे आम्हाला तिच्या आवाजासारखं, तिच्या चालीसारखं वाटायचं. तिचंच, जन्माचं.

मी स्वतः पाटीवरची पेन्सिल खायचे. दुसरी-तिसरीत असेन. पांढरी, करकरीत, जिभेवर ठेवली की क्षणभर ओढ बसते तशी. आधी टोक, मग अर्धी, मग सगळी. पहिल्या पावसात भिंतीच्या मातीचा वास आला, की तोंडाला पाणी सुटायचं, आणि मागच्या दाराच्या कोपऱ्यातला पोपडा नखानं काढून मी खाल्लेला आहे. आजीनं पाठीत धपाटा घातला, जंताचं औषध दिलं. जंतही असतील. लोह कमी पडलं की माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काहीबाही खावंसं वाटतं आणि पोटातले आकडेजंत तेच लोह आणखी शोषतात. या दोन गोष्टी एकमेकींचा हात धरून चालतात, म्हणून हल्ली शाळेत १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी देतात, चघळायची. ती मुली आनंदानं खातात, ती गोड असते.

आजीला काही कळत नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. काकूच्या बाळंतपणात नारळाच्या पाण्यात अळीव भिजायचे, फुगून बुळबुळीत व्हायचे, मग खोबरं आणि गूळ घालून ते शिजताना सगळ्या घराला एक तिखटसर गोड वास यायचा. अळिवात लोह भरपूर. खारीक, डिंक, खसखस, बाजरीची गरम भाकरी, शेपूची भाजी. चाळीस दिवस बाळंतिणीचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जायचं. हे ज्ञान आपल्याकडे होतं आणि ते प्रेमानं राबवलं जात होतं. पण ते पोर जन्मल्यावर, दूध यावं म्हणून. आधीचे नऊ महिने पपई नको, शेवगा उष्ण, अंडं नको, फार जेवू नको, बाळ मोठं झालं तर अडेल. एका बाळंतपणाला बाईच्या शरीराला साधारण एक ग्रॅम लोह जादा लागतं. सोनाराच्या हिशेबात एक मासा. त्यातला आपला वाटा ती पोर आईच्या हाडामांसातून घेतेच. आईनं खाल्लं असलं तरी आणि नसलं तरी. आईकडेच नसेल तर ती अपुऱ्या शिदोरीवर जगात येते.

आम्ही ज्या गावी डोहाळजेवणाला गेलो, तिथून पाबळ लांब नाही. पाबळच्या आसपासच्या सहा गावांत १९९३ ते ९६ या काळात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतावर राबणाऱ्या बायकांच्या गरोदरपणाची नोंद ठेवली. काय खाल्लं, किती काम केलं, बाळ केवढं झालं. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसली आहे. बाळाचा आकार आईनं एकूण किती पोटभर खाल्लं यावर फारसा ठरत नव्हता. ज्या बायकांच्या पोटात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा गेलं, त्यांची बाळं अंगानं भरलेली होती. म्हणजे भाकरी पोटाला होती, पण भाकरीबरोबरचं नव्हतं. आणि साधारण दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, जे मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा दोन्ही बाजूला मेथी-कोथिंबिरीचे वाफे दिसतात. पहाटे जुड्या बांधून टेम्पो बाजाराला जातो. मेथी लावणारी, निंदणारी, जुडी बांधणारी बाई आणि तिच्या ताटात मेथी, यांच्यामध्ये काय येतं, ते मला कुठल्या अहवालापेक्षा आईच्या खरवडीनं जास्त समजावलं.

परळचीही एक गोष्ट यात आहे आणि ती मला उशिरा कळली. लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या आणि दगावत होत्या, त्याचं कारण शोधायला. हाफकिन संस्थेत तिची प्रयोगशाळा. तिच्या लक्षात आलं, की बऱ्या घरच्या बायकांना हा आजार होत नाही, ज्यांचं खाणं निकस त्यांनाच होतो. जंतूंचा संशय होता, तो मागे पडला. मग उंदीर, माकडं आणि शेवटी बायका, अशा पायऱ्यांनी तिनं दाखवलं, की यीस्टचा एक साधा, स्वस्त अर्क दिला तर रक्त भरून येतं. १९३१ मध्ये ते छापून आलं. त्या अर्कात नेमकं काय होतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. डब्यामागच्या त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ही गोळी कुणी दुरून आपल्या गळी उतरवायला आणलेली नाही. गिरणीचा भोंगा झाल्यावर परळच्या चाळीचे जिने धापा टाकत उतरणाऱ्या बायकांच्या रक्तातून तिचा अर्धा भाग निघालेला आहे. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. मला माहीतच नव्हतं.

मिठाचं जमलं, गोळीचं जमत नाही, याचा मी बराच विचार करते. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनचं मीठ देऊन पाहिलं, गलगंड कमी झाला आणि १९६२ मध्ये देशभरासाठी कार्यक्रम ठरला. आज खेड्यातल्या टपरीवरही पिशवीतलं आयोडीनचंच मीठ असतं. मीठ पातेल्यात पडतं तेव्हा पंगत अजून बसलेली नसते. आमटीच्या पहिल्या वाटीत जेवढं आयोडीन, तेवढंच तळाच्या रश्शात. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, ते कुणाच्या आधी-नंतर येत नाही. गोळीचं तसं नाही. गोळी एकटीला घ्यायची असते, स्वतःसाठी, रोज, सहा महिने, आणि बाळंतपणानंतर पुन्हा सहा महिने. ज्या बाईनं आयुष्यात रोज स्वतःसाठी म्हणून एकही गोष्ट केलेली नाही, तिला आपण हे सांगतो. गर्भारपणाच्या गोळ्यांचा सरकारी कार्यक्रम १९७० चा. माझ्या आईच्या हातातही कुणी ना कुणी त्या दिल्या असतील. तिनं त्या कुठे ठेवल्या असतील?

म्हणूनच मला आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेची कल्पना फार शहाणपणाची वाटते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या नावानं ती २०१५ मध्ये सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा बाईनं अंगणवाडीत यायचं आणि दिवसाचं एक वेळचं गरम जेवण तिथंच जेवायचं. डाळ, भाजी, भाकरी किंवा चपाती, भात, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. घरी न्यायचा शिधा दिला, की तो घराचा होतो, पाच तोंडांत वाटला जातो आणि वाटणारी तीच असते. ‘तिथंच बसून’ या दोन शब्दांत कुणीतरी आपली घरं नीट ओळखली आहेत. योजना कागदावर जशी असते तशी पाड्यावर पोचते असं नाही. बिलं थकतात, भाजी महागते, सेविकेला दहा कामं. पण एखाद्या पाड्यावर पाच-सात जणी भिंतीला टेकून, पुढ्यात ताट घेऊन, कुणालाही न वाढता जेवत बसल्या असतील, हे नुसतं मनात आणलं तरी मला बरं वाटतं.

मुलांचं आठवलं, की मात्र छातीत काहीतरी दाटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत १०० पैकी जवळजवळ ६९ जणांचं रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत, २०१५-१६ ला, ते ५४ होते. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत ४८ चे ५४ झाले. आकडे वाढले आहेत, कमी नाही झाले. माझ्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी होती. दर सहा महिन्यांनी तिथे अ जीवनसत्त्वाचा डोस असायचा. पिवळट, तेलकट औषध, प्लॅस्टिकच्या चमच्यातून. पोरं ओठ घट्ट मिटायची, आया गाल दाबायच्या, ओघळ हनुवटीवर यायचा आणि सेविका तो पुन्हा चमच्यात गोळा करायची. तो ओघळ म्हणजे एखाद्या पोराची नजर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आजोळी संध्याकाळ झाली की चाचपडत चालणारं पोर तिनं पाहिलं होतं. तिचा मला आजही आदर वाटतो. तीच आयांना सांगायची, की सहा महिने झाले, आता नुसतं वरणाचं पाणी पाजू नका, पाण्यात काही उतरत नाही, खालचं वरण द्या, घोटून, वर तुपाचा थेंब, पालकाची दोन पानं. बाळ जन्मताना आईकडून जे लोह घेऊन येतं ते साधारण सहा महिने पुरतं. नेमक्या त्याच वेळी आपण उष्टावण करतो, चांदीच्या वाटीत खीर भरवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून वरचं पाणी.

म्हणजे शेवटी जेवणारीच्या पोटी जन्मलेल्या पोरालाही, पहिल्याच घासाला, वरचं पाणी.

मी गेल्या आठवड्यात रक्त तपासून घेतलं. किती वर्षांनी, आठवत नाही. ‘दहा पॉइंट दोन,’ डॉक्टरीण बाई म्हणाल्या आणि माझी खालची पापणी ओढून पाहिली. बारा हवं. मी म्हटलं, वयानं होतं तसं थोडं. त्या म्हणाल्या, ‘बाई, वयानं केस पांढरे होतात, रक्त नाही.’ त्यांनी आणखी काही तपासण्या लिहून दिल्या आणि गोळ्या. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, दोन तासांचं अंतर ठेवा, मळमळलं तर रात्री जेवल्यावर घ्या, शी काळी झाली तर घाबरू नका, न शोषलेलं लोह बाहेर पडतंय एवढाच त्याचा अर्थ. किती साधं बोलणं. एवढंच मला त्या मागच्या खोलीत म्हणता आलं असतं. बाळाच्या रंगाशी गोळीचा काही संबंध नसतो, हेही.

त्या संध्याकाळी मी तिला फोन केला. मी तिला उपदेश करणार नव्हते, तसं ठरवूनच बसले होते. निळ्या गोळ्यांची गोष्ट सांगितली. सोमवारची रांग, नळाची मोरी, आणि मग माझ्या पर्सचं अस्तर. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आत्या, मी बी शाळेत थुंकायचे.’ तिचं रक्त गेल्या तपासणीत आठ पॉइंट सहा होतं, तेही तिनंच सांगितलं. गरोदरपणात अकरा हवं. वहिनीशी मी वेगळं बोलले. वहिनी ऐकून घेऊन म्हणाली, ‘मी माझ्या वक्ताला कुठं खाल्ल्या वन्सं? झालीच की तीन पोरं.’ मग जरा थांबून, ‘मधलं नाही राहिलं, ते वेगळं.’ त्यावर मला काही सुचलं नाही. त्या मधल्या बाळाचं नावही ठेवलं नव्हतं. ते का गेलं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि आज मीही सांगू शकत नाही. पण इतक्या वर्षांत वहिनीनं ते माझ्याजवळ पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

आमचं असं ठरलं, की रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल करायचा आणि दोघींनी मिळून गोळी घ्यायची. पहिल्या रात्री तिनं गोळी हातात धरूनच फोन उचलला. मी विचारलं, ‘जेवलीस?’ मागे भांड्यांचा आवाज होता. ‘नाही अजून. ह्यांची नि मामांची पंगत चाललीय.’ रात्रीचे साडेनऊ, आठवा महिना लागलेला. मी म्हटलं, ‘मग गोळी राहू दे. ताट घेऊन ये. मी फोन ठेवत नाही.’ ती दाराकडे बघत राहिली. मग पडद्यावर नुसता आढ्याचा पत्रा दिसायला लागला, फोन तिनं कुठेतरी उताणा ठेवला होता. कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला, वहिनीचा वाटला, शब्द कळले नाहीत. मला वाटलं, आता काही ती येत नाही. बऱ्याच वेळानं पडदा हलला. ती मागच्या खोलीत पाटावर बसली होती, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, पुढ्यात ताट. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, आणि बाजूला लिंबाची फोड. ती माझ्याकडे न बघता, जरा घाईनं, जेवली. मी पण इकडे माझं ताट घेतलं. आम्ही फारसं बोललो नाही. पाणी पिऊन तिनं गोळी तोंडात टाकली, डोळे मिटून गिळली आणि कॅमेऱ्याजवळ येऊन जीभ बाहेर काढली. लांब, फिकट गुलाबी जीभ.

‘आता तुमची दाखवा,’ ती म्हणाली.